येते हं

“तुमचं गाव कोणतं?”

बुरुजातल्या कोठारात एकटीनं शिरायचं आणि तिथल्या भुताला हे विचारायचं, अशी जुलेखा आणि अस्मीची पैज होती. सुपरमार्केटमध्ये मराठी माणूस दिसला की पप्पा हेच विचारतात, त्यावरून या दोघी मला कायम चिडवतात.

गेल्या वर्षीची मी असते तर रडले असते. पण यंदा मी डिबेट जिंकलीय! शिवाय सहलीतलं किल्ल्याचं प्रेझेंटेशनही माझंच. आखातातल्या आमच्या अजमानपासून दूर, पूर्व किनाऱ्यावरच्या टेकडीवरचा हा पोर्तुगीज किल्ला. “बुरूज गोल नाहीत, बाणाच्या टोकासारखे आहेत. गोल बुरुजाच्या पायथ्याशी शत्रू लपला तर वरून दिसत नाही. ही इटलीकडची युक्ती!” एकदाही न अडखळता सांगितलं.

“मुमताझ!” अरबीत ‘उत्कृष्ट’ म्हणत गाईड फहदनं टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, दगड घडवणारे गवंडी समुद्रापलीकडून आणले होते, तुमच्याच बाजूचे. परत किती गेले, ते त्याला माहीत नव्हतं.

मी वाकून कोठारात शिरले. बाहेर ऊन भाजत होतं, आत गारवा. चुन्याचा वास, ओल्या दोरखंडाचा वास. प्रश्न विचारला. दगडी खोलीत आवाज घुमायला हवा होता. घुमला नाही. कुणी तो ठेवून घेतल्यासारखा.

वळले तर दार बंद. ढकललं, हललं नाही. मी ओरडले. बाहेर मैत्रिणी हसतायत, तेही ऐकू येईना.

मग छिन्नीचा आवाज. टक. टक. अगदी कानाशी.

थांबला.

कुणीतरी माझ्या बोलण्याची वाट बघत होतं.

घाबरल्यावर माणूस सवयीचंच बोलतो. कुणाच्याही घरून निघताना आई म्हणायला लावते, तेच तोंडातून निघालं. “बरं, येते हं मी.”

दार उघडलं.

ऊन! अस्मीला इतकी घट्ट मिठी मारली की तिचा चष्माच पडला.

“नौटंकी! दरवाजा तो खुला ही था,” जुलेखा म्हणाली. “और अंदर से तुझे बाय किसने बोला? ‘येगो, बाय.’ ये येगो कौन है?”

मी काहीच ऐकलं नव्हतं. बसमध्ये आम्ही ‘येगो, येगो’ करत पोट दुखेपर्यंत हसलो.

अजमानला घरी जेवताना सगळं रंगवून सांगितलं. आईही हसली. पप्पांचा घास मात्र हातातच राहिला.

“ये गो, बाय,” ते हळूच म्हणाले. “आमच्या रेवदंड्यात निघालेल्या मुलीला असंच म्हणतात, ‘परत ये गं, पोरी.’ तिथेही पोर्तुगीजांचा किल्ला आहे.”

अंगावर काटा आला. आणि खरं सांगते, बरंही वाटलं. मी गाव विचारलं होतं, कोठारातल्या त्या गवंड्यानं आपल्या बोलीतून सांगितलं होतं.

“शनिवारी मला परत तिथे जायचंय,” मी म्हटलं. “‘येते’ म्हणून आलेय.”

“अगं, ते नुसतं म्हणायचं असतं!”

“ते गवंडीही घरून तसंच म्हणून निघाले असतील, आई. मी जाणार.”