दादाचा वेग

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास वहिनींचा फोन आला. "भाऊजी, रॅम वाढवल्यापासून कॉम्प्युटर सारखा अडकतोय. सोमवारी नकाशे द्यायचेत."

वहिनी घरूनच इमारतींचे नकाशे काढतात. या वेळी एका मोठ्या हॉस्पिटलचं काम होतं आणि ती फाइल जुन्या मेमरीत उघडतच नव्हती. दादा गेल्यानंतर दोन महिन्यांनी हाती घेतलेलं हे पहिलं काम. ते हुकलं तर पुढचं मिळणार नाही, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला माहीत होतं.

मी बॅग घेऊन गेलो. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि तो मला दादानेच शिकवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग टेस्ट लावायची, मग वहीत लिहायचं. तो गेला तेव्हा मी रडलो नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे. धीर कसला? दाताच्या इंजेक्शननंतर गाल बधिर होतो तसं आत काहीतरी झालं होतं, आणि ते अजून उतरलं नव्हतं.

वहिनींनी मला स्टूल दिलं. टेबलासमोरची दादाची खुर्ची रिकामीच होती. त्या स्वतः बाजूच्या लाकडी खुर्चीत बसून काम करत असाव्यात, कारण माउस त्या बाजूला होता.

दुखणं कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दादाने प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर पळवलेला होता. मेमरीच्या दोन स्टिक, म्हणजे पट्ट्या, असताना त्याला ते झेपत होतं. चार झाल्यावर ओझं वाढलं. अशा वेळी एक तर मेमरी काढायची, नाहीतर वेग उतरवायचा. दोन्ही धरायला गेलं की तेलही जातं आणि तूपही.

"वेग कमी करतो," मी म्हणालो.

"नको. तो त्यांनी ठेवलाय तसाच राहू दे."

मी वाद घातला नाही. टेस्ट लावली. प्रोसेसर शंभर टक्के राबत होता आणि स्क्रीनवर तापमान दिसत होतं चोवीस.

खोलीत एकोणतीस होतं. पंखा लावून वस्तू खोलीपेक्षा गार करणं पंख्याच्या बापालाही जमत नाही. सेन्सर बिघडला असेल म्हणून मी झाकण काढून प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकला बोट लावलं. धातू गार होता.

वहिनी कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट आणायला गेल्या. तेवढ्यात मी माझ्या अकलेने वेग कंपनीच्या आकड्यावर आणून ठेवला. टेस्ट सुरळीत चालली. तापमान त्रेसष्ट, अगदी असायला हवं तेवढं. मला बरं वाटलं.

वहिनी परत आल्या. चपलाही न काढता त्यांनी दादाच्या खुर्चीवर तळवा ठेवला.

"कमी केलात तुम्ही."

आवाजात राग नव्हता. "पहिल्यासारखा करा आणि इथे हात ठेवा," त्या म्हणाल्या.

मी वेग वाढवला, टेस्ट लावली आणि हात ठेवला. तीन-चार मिनिटांत खुर्ची कोमट झाली, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी. माझ्या बॅगेत लांबून तापमान मोजायचं यंत्र असतं. ते रोखलं. एकतीस. चौतीस. सदतीस. पुढे आकडा हलला नाही.

दादाच्या शेवटच्या आजारात मी नऊ दिवस त्याचा ताप मोजला होता. सदतीस दिसावं म्हणून वाट पाहिली होती.

बाराव्या मिनिटाला स्क्रीन गोठली.

छत्तीस. पस्तीस. तेहतीस.

वहिनी उभ्या राहून बघत होत्या. "गुरुवारपासून सात वेळा झालं हे," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी मी हात ठेवून बसते."

"मग नव्या स्टिक काढून टाकूया. वेग टिकेल."

"आणि सोमवारी काय दाखवू?" त्या थांबल्या. "शिवाय, आधी खुर्चीची फक्त बैठक गरम व्हायची. या दोन घातल्यापासून पाठही होते."

मी वही उघडली. प्रोसेसरच्या वेगाला हात लावला नाही. मेमरीचा वेग एक पायरी उतरवला. अडकला. आणखी एक पायरी. अडकला. दर वेळी आकडा खाली जायचा आणि वहिनींचा हात खुर्चीवर असायचा. मी बघायचं सोडून दिलं. शेवटी व्होल्टेज किंचित वाढवलं आणि पुन्हा टेस्ट लावली.

दहा मिनिटं गेली. अर्धा तास. दोन तास.

चार वाजता मी वहीत लिहिलं: स्थिर.

मग खुर्ची मोजली. बैठक सदतीस. पाठ सदतीस. दोन्ही हात छत्तीस. वहिनींनी खुर्चीच्या डाव्या हातावर आपला हात ठेवला आणि डोळे मिटले. मला आनंद व्हायला हवा होता, निदान भीती तरी वाटायला हवी होती. दोन्हीपैकी काही झालं नाही. मी स्क्रू आवळले.

पुढच्या गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला. नकाशे पसंत पडले होते, पुढचं कामही मिळालं होतं. मी चांगलं झालं म्हणालो.

"भाऊजी, अजून मेमरी बसेल का हो?"

"चारही जागा भरल्यात."

"आहेत त्या काढून मोठ्या घातल्या तर?"

"बसतील. पण आता कशाला? काम तर होतंय ना?"

"कामाला पुरतेय." त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "पण ते डोकं टेकतात ना, तिथे अजून गार लागतं."

मी वही जवळ ओढली आणि त्यांना बोर्डवरचा नंबर वाचून दाखवायला सांगितलं.