उत्तराची धाप

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दिवा मालवल्यावर थोडा बसतो, एवढंच. तेव्हा जपानात, या निशी-कसाईत नव्यानं आलेल्या तुम्हां मुलींना ऐकायचंच असेल तर दिवा राहू दे. माझ्या मैत्रिणीनं, विद्यानं, मला सांगितलं तसंच सांगते.

विद्या योकोहामात राहते. तिची उत्तरा बारा वर्षांची, शाळेत फ्रेंच शिकते. गेल्या जानेवारीत शाळेनं टूम काढली: भाषा सुधारावी म्हणून वर्गातल्या मुलांनी चार रात्री योकोहामातल्याच फ्रेंच कुटुंबांकडे राहायचं. आईबापांनी फोन करायचा नाही. मला तर हा नियम वाचूनच ताप आला असता. विद्यानं मात्र शहाण्या आईसारखी बॅग भरली आणि बजावलं, "घरात जितकी मोठी माणसं असतील तितक्यांना वाकून नमस्कार करायचा. एकालाही सोडायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, जानेवारीतला तिसरा गुरुवार होता, बाथरूमच्या कपाटात तिला उत्तराचा दम्याचा पंप दिसला.

शिक्षिकेला फोन केला. "उद्या सकाळी पाठवू या, विद्यासान." नवऱ्याला केला. अंबरीष म्हणाला, "अगं, त्यांच्याकडे डॉक्टर नसतात का?" शाळेच्या ग्रुपवर वर्गातल्या मुलांचे फोटो येत होते. प्रथमेश गोड धिरडी खातोय, राधिका कुणाच्या तरी कुत्र्याला कुरवाळतेय. उत्तराचा एकही नाही.

विद्या पंप घेऊन निघाली, त्या फ्रेंच घराचा पत्ता शाळेच्या कागदावर होता. टेकडीवरची बस डोळ्यांदेखत सुटली. पुढची अर्ध्या तासानं, म्हणून चढण पायी चढली. इथले पत्ते तुम्हांला कळतील हळूहळू. रस्त्याला नाव नाही, सहा नंबराच्या शेजारी एकवीस. फोनमधल्या नकाशानं तिला एका बंद दवाखान्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, पोहोचलात. दाताचा दवाखाना. "मेल्या, माझा दात दुखतोय का!" ती भर रस्त्यात फोनवर ओरडली. खिडकीतून कुणीतरी डोकावलं, तर त्यांची माफी मागावी लागली. तीही चुकीच्या जपानीत.

साडेनऊला घर सापडलं.

मादाम क्लेरनी दार उघडलं. हसल्या, पण दारातून हलल्या नाहीत. मुलगी छान आहे, म्हणाल्या. नियम आहे, म्हणाल्या. सगळं जपानीत, आणि विद्याचं जपानी सुपरमार्केटपुरतं. राग इतका आलेला आणि भांडायला शब्दच नाहीत! तिनं पंप पुढे धरला, छातीवर हात ठेवून धाप लागल्याचं करून दाखवलं. तेव्हा कुठे आत घेतलं.

उत्तरा जिना उतरून आली.

"आई! कशाला आलीस? आता सगळे हसतील मला."

"पंप विसरलीस, बावळट."

"नकोय. संध्याकाळी लागली होती धाप. थांबली."

"आपोआप?"

"नाही. आजींनी पाठीवर हात ठेवला."

"कुठल्या आजी?"

"इथल्या. तूच सांगितलंस ना, एकालाही सोडायचं नाही? तिघांना केला नमस्कार."

तिनं बोट दाखवलं. दिवाणखान्यात, खिडकीजवळ एक खुर्ची होती. मादामना मराठी कळलं नाही, बोट कळलं. त्यांचं हसू गेलं. सावकाश दोन बोटं वर केली. या घरात आम्ही दोघंच, नवरा-बायको.

खुर्ची रिकामी होती.

"काय म्हणाल्या त्या आजी?" विद्यानं हळूच विचारलं.

"बोलल्या नाहीत. नुसती... घेतली."

"काय घेतली?"

उत्तरानं खांदे उडवले.

हीटर आपोआप बंद पडला. आणि मग...

बारीक शिट्टीसारखा आवाज. आत ओढलेला. अडकलेला. सुटलेला.

कितीतरी वर्षं विद्या त्या आवाजानं रात्री उठलीय. हजारांत ओळखेल. उत्तराची धाप.

उत्तरा तिच्या शेजारी उभी होती. तोंड मिटून.

आवाज खुर्चीतून येत होता.

विद्यानं मुलीचा हात धरला. कोट नाही, बॅग नाही. दाराबाहेर पडता पडता... सवयच ना आपली! जीव मुठीत असला तरी तोंडातून गेलंच: "येतो आम्ही. या एकदा घरी." म्हणायचं होतं मादामना. बघत होती खुर्चीकडे.

त्या रात्रीपासून उत्तराला धाप लागलेली नाही. डॉक्टर म्हणतात, वयात येताना काही मुलांचा दमा जातो. अंबरीष म्हणतो, जुन्या घरांत पाइप वाजतात. शाळा म्हणते, पालकांनी नियम मोडला. विद्या आधी सगळ्यांशी वाद घालायची. मग दमली.

फेब्रुवारीत मी तिच्याकडे राहायला गेले होते. नववा मजला. जेवणं झाली, उत्तरा आतल्या खोलीत झोपली होती, श्वास अगदी संथ. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला गेले, तर विद्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"तिथं नको. इथं बस."

"का गं?"

तिनं मला टेबलापाशी बसवलं आणि खिडकीकडे बघितलं. मीही बघितलं.

बाहेर कडाक्याची थंडी. काच स्वच्छ. आम्ही दोघी लांब, टेबलापाशी.

खुर्चीत कुणी बसलं तर तोंड येईल, तेवढ्या उंचीवर... काचेवर... आतल्या बाजूनं... वाफेचा एक छोटा गोल उमटला.

विरला.

पुन्हा उमटला.