गढूळ विहिरीतला पिवळा उजेड

"आकाशकंदिलाला निळाच कागद लावायचा!" महेश ओरडला. तेवढ्यात विहिरीतून वडिलांची, अप्पांची हाक आली आणि उज्वला कात्री टाकून पळालीच.

गंगापूर रोडजवळच्या त्यांच्या मळ्यातली ही विहीर. मोटारीची जाळी साफ करायला उतरलेल्या अप्पांचा पाय पाण्याखाली कशाततरी अडकला होता! दीपकदादा बुडी मारून वर आला. "काय बी दिसत नाय! नुसता गाळ!"

"दादा, पाणी वाढतंय!" उज्वला किंचाळली. मघाशी कमरेला असलेलं पाणी आता अप्पांच्या छातीला लागलं होतं.

महेश आणि शेजारचा सोमा पाटाकडे धावले, ते रडकुंडीला येऊनच परतले. "बहिरूकाकांनी पाट विहिरीत सोडलाय! बांध फुटला, आता अडत नाय!"

पाटाला पाणी आलं की विहीर भरून घ्यायची, ही इकडची रीतच. आत माणूस आहे का, एवढं बघायचं काका विसरले होते.

घाबरलेल्या बहिरूकाकांनी नवा एलईडी टॉर्च आणला. "दिवसासारखा उजेड पडतो!" प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दादानं तो पाण्यात नेला. दिसलं काय, तर नुसतं पांढरं धुकं!

"धुकं!" उज्वला दचकली. सुरगाण्याच्या घाटात धुकं आलं की जीपवाला पिवळे दिवे लावायचा! "महेश, कंदिलाचे कागद आण!"

गडबडीत महेशनं टॉर्चला निळा गुंडाळला. दिसत होतं तेही दिसेना!

"खेळ मांडलाय का?" काका खेकसले. पाणी अप्पांच्या हनुवटीला टेकलं होतं.

"पिवळा दे! दादा, टॉर्च समोर नको, गाळच चमकतो, बाजूनं धर!"

पिवळा कागद लावलेला टॉर्च आणि विळा घेऊन दादा खाली गेला आणि लगेच वर आला. "दिसलं! जुन्या दोराचे वेढे हायेत!" पुन्हा बुडी. अप्पांनी तोंड आभाळाकडे केलं. ओठांवरून पाणी गेलं. उज्वलाला देवाचं नावसुद्धा आठवेना. एकदम अप्पा उसळून वर आले!

काठावर खोकून झाल्यावर अप्पांनी विचारलं, "पाणी कुणी सोडलं?"

"मी," काका म्हणाले आणि पोरांसमोरच रडू लागले. "पोरांवर खेकसलो मी. त्यांनीच वाचवलं तुला."

"शाबास गं माझी बाई," अप्पा एवढंच म्हणाले. त्यांनी उज्वलाचं मनगट धरलं होतं, ते घरी पोचेपर्यंत सोडलंच नाही.