आईची सहा वाक्यं

गौतमी टिपणीस यांच्या वर्षश्राद्धाला दाखवायचा घरपट तयार होऊन आला, तेव्हा त्यांचे यजमान अमेयराव वही घेऊनच बघायला बसले आणि त्यांनी चौदा दोष काढले.

घरपट म्हणजे घरातल्याच माणसांचा सिनेमा. भिंतीतला यंत्रकान वर्षानुवर्षं घरातलं बोलणं साठवतो, त्यातून यंत्र माणसं पुन्हा उभी करतं. गोष्ट गिऱ्हाइकानं निवडायची. मिरजेत सगळे एकच निवडत: बाप गुप्तहेर, पोरं आगाऊ, हाणामारी, शेवटी मिठी.

"बॉम्ब तीन सेकंद उरल्यावरच बंद होतो, सोडून देऊ," अमेयराव डॉ. रझिया मुजावरांच्या प्रयोगशाळेत म्हणाले. "खलनायक गोळी घालायची सोडून भाषण ठोकतो, तेही सोडलं. पण आमची ही? दीड तासात सहा वाक्यं! दारात मशीनगनवाले उभे, आणि ही विचारते, 'चहा टाकू?' लेखक आळशी आहे तुमचा, डॉक्टर."

"लेखक नसतोच, काका. यंत्र गोष्ट रचतं, माणूस नाही. गेलेल्या माणसाच्या तोंडी नोंदीत नसलेलं घालायला कायद्यानं बंदी आहे."

"अहो, बावीस वर्षांची नोंद आहे!"

"आहे ना. त्यात नऊ हजार तास तुम्ही बोलताय."

अमेयराव खाकरले. "ईरा, माझी मुलगी, पोरांना घेऊन खास आईला ऐकायला येतेय. हिचं स्वतःचं काहीतरी शोधा. एखादी हौस, तक्रार... मला शिवी दिली असेल तर तीही चालेल."

गौतमी स्वतःचं काही सांगू लागल्याच्या एक्केचाळीस जागा यंत्राला सापडल्या. रझियानं पहिली लावली.

"अमेय, मला ना, एकदा—"

लगेच अमेयरावांचा खणखणीत आवाज: "एक मिनिट, आधी माझं ऐक."

दुसरी तशीच. तिसरीही. सातवीनंतर अमेयरावांनी वही मिटली.

"अर्धं वाक्य पुरं करायची नवऱ्याला मुभा असते," रझिया हळूच म्हणाली. "त्यांना काय म्हणायचं होतं, आठवून सांगा. मी भरते."

 अमेयरावांना आठवलं ते एवढंच, की पहिल्या वाक्याच्या दिवशी आपण आपल्या बढतीची हकीकत सांगत होतो.

"आहे तेवढंच घाला."

रविवारी घरपट लागला. अमेयरावांच्या रूपातला नायक हेलिकॉप्टरला लोंबकळत होता, खाली गच्चीत गौतमी.

"अमेय, मला ना, एकदा—"

"एक मिनिट, आधी माझं ऐक!" नायक वरून ओरडला.

नातवंडं खदखदून हसली. टायमिंगच तसं जमलं होतं.

ईरानं वळून पाहिलं. "काय सांगत होती आई, बाबा?"

"आजोबा, तेवढंच परत लावा ना!" धाकटी ओरडली.

अमेयरावांनी परत लावलं.