अठरा खुणा

"बाई, त्या पोराला मी मारलं का, एवढंच शोधून द्या. मारलं आसंल तर आत जातो. पन मला कळू द्या."

एवढं बोलून आप्पासो समोरच्या चहाकडे बघत बसला. साताऱ्यात खाजगी तपासाचं काम करणाऱ्या चारुशीलाबाईंकडे रडणारे, भांडणारे, धमकावणारे पुष्कळ येत. असा आतून विझलेला माणूस त्यांचे मदतनीस गंगाधरपंत प्रथमच पाहत होते. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर पंत बाईंचे अहवाल लिहीत. अक्षर देखणं, डोकं जरा सावकाश चालणारं, आणि हे त्यांनाही मान्य होतं.

आप्पासो तोफखान्यातला निवृत्त हवालदार. तोफांनी त्याचे कान निम्मे नेले होते. वडूजला तो पोरांना सैन्यभरतीसाठी तयार करी. भरतीला नेण्याआधी एकेकाची बाकाची परीक्षा घेई: कॅसेटवरच्या ठेक्यावर पाच मिनिटं बाकावर चढायचं आणि उतरायचं. दमेल त्यानं बाजूला व्हायचं आणि त्या वर्षी घरी राहायचं. १९९७च्या एप्रिलमध्ये, सात तारखेच्या सकाळी, एकोणीस वर्षांच्या सिद्धूनं पाच मिनिटं पुरी केली, खाली बसला, आणि उठलाच नाही. डॉक्टरांना त्याच्या हृदयात जन्मजात दोष सापडला. पण आप्पासोनं पोराला ताणून मारलं, अशी सिद्धूच्या आईची, हरणाबाईची तक्रार होती. सोमवारी अटक होणार होती.

दुसऱ्याच दिवशी दोघं एसटीनं वडूजला गेले. मैदानावर आप्पासोच्या हाताखालचा गुंडा भेटला. चाळिशीचा, बोलायला कडक. गेल्या वर्षी आप्पासोनं त्याच्या भाच्याला भरतीला नेलं नव्हतं, ते त्यानं आपण होऊन सांगितलं.

"घड्याळ आप्पांच्या हातात. पाच मिनटं म्हंजे पाच. मी दर धा चढन्यांना भिंतीवर खडूची खूण करतो," तो म्हणाला.

भिंतीवर ओळी होत्या. पाच मिनिटं टिकलेल्या प्रत्येकाच्या ओळीत पंधरा खुणा. सिद्धूची ओळ सगळ्यांत खाली. पंतांनी मोजल्या, अठरा भरल्या.

"चपळ होता बिचारा," पंत म्हणाले.

"ठेक्याच्या पुढं पळाला का तो?" बाईंनी विचारलं.

"न्हाई. पाय चुकला की मीच थांबवतो. टेपवर आप्पांचा आवाज हाय, 'चढ', 'उतर'. त्याच्या बरोबरीनं पाय पडत व्हता."

"आवाज बारीक, बायकी वाटला?"

"न्हाई. हाय तसा जाड."

"कॅसेट जुनीच?"

"नवी. जुनी घासली व्हती. सिद्धूच्या भनीनं, मायानं, सकाळच्या यष्टीनं आनून दिली आन् ती तशीच साताऱ्याला कामावर गेली. आता पोलिसांनी ठिवून घेतलीया."

वाटेत पंतांनी निकाल देऊन टाकला. "बाई, हा गुंडाच. भाच्याचा राग. प्लेअर जोरात पळवला असणार."

बाईंनी हरणाबाईचं घर कुठलं, ते एकाला विचारलं.

हरणाबाईच्या घरी मेंढरं वाड्यातच होती. दारासमोरच्या भिंतीवर गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो, त्याला हार. थोरला सूरज, दोन वर्षांपूर्वी काश्मीरहून पेटीतून आलेला. हरणाबाई जमिनीकडे बघत होती. विचारलेलं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. उत्तरं माया देत होती. ती साताऱ्याला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची.

निघताना मायानंच विचारलं, "बाई, त्यो मधीच का उतरला न्हाई?"

"त्याला जमत होतं म्हणून," पंत म्हणाले.

"दमलं की उतरायचं आसतंय. समदी उतरत्यात." मग पुन्हा, "का उतरला न्हाई?"

पंतांनी तिला पाणी प्यायला सांगितलं.

साताऱ्याला परतल्यावर दोघं मायाच्या क्लासवर गेले; आप्पासोच्या कॅसेटचा ठेका तिथंच तयार झाला होता. तो चालवणाऱ्या पुष्करनं पडद्यावर ठेक्याची फाइल उघडली. आकड्यांच्या ओळी खाली सरकू लागल्या.

"कॉम्प्युटरवर गाणं रचायच्या ह्या प्रोग्रॅमला ट्रॅकर म्हणतात. 'स्पीड' म्हणजे एका ओळीत किती टिका, वेळेचे बारीक तुकडे; इथं सहा आहेत. 'टेम्पो' म्हणजे त्या टिका किती झपझप पडायच्या, इथं सव्वाशे. चार ओळींना एक ठोका धरला की मिनिटाला सव्वाशे ठोके होतात. चार ठोक्यांत एक चढउतार."

"टेम्पो वाढवला तर आप्पासोचा आवाज चढेल?"

"टेप पळवली तर चढेल. इथं आवाजाचा तुकडा आहे तसाच वाजतो, फक्त पुढचा लवकर येतो."

"आणि पाच मिनिटं?"

"गाणं लवकर संपेल. पाच भरायला पानं, म्हणजे ह्या ओळींचे गठ्ठे, वाढवावी लागतील. पण मी काही बदललं नाही, बघा, सहा आणि सव्वाशे. एक तारखेपासून आठपर्यंत मी सांगलीत होतो, भावाचं लग्न. किल्ली मायाकडे होती. नवी कॅसेटही तिनंच भरली."

"म्हणजे फाइल शाबूत आहे," पंत समाधानानं म्हणाले.

रविवारी मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत सगळे जमले; हरणाबाईलाही माया घेऊन आली. बाई खाली मान घालून बोलू लागल्या.

"पाच मिनिटांत पंधरा खुणा व्हायच्या, झाल्या अठरा. सिद्धू ठेका सोडत नव्हता, म्हणजे ठेकाच जलद होता. पंधराला अठरा, तर सव्वाशेला दीडशे. प्लेअर पळवला असता तर आवाज बारीक झाला असता. तो जाडच होता, तेव्हा गुंडानं काही केलं नाही. आप्पासो अर्धवट ऐकतो, घड्याळ मात्र बघतो. आकडा चुकून बदलला असता तर ठेका आधीच संपून त्याला कळलं असतं. पण पाच मिनिटं भरली. म्हणजे कुणीतरी टेम्पो दीडशे केला, वर पानं मोजून वाढवली, कॅसेट भरली आणि फाइल पहिल्यासारखी केली. पोलिसांकडची कॅसेट एक मिनिट ऐकली की खात्री होईल. पुष्कर सांगलीत होता."

कुणी मायाकडे बघितलं नाही.

"करणाऱ्याला सिद्धू मरायला नको होता," बाई म्हणाल्या. "तो दमायला हवा होता. तो कसा गेला, हे मला सगळ्यांनी विचारलं. मधेच का उतरला नाही, हे एकीनंच विचारलं."

"मला वाटलं, तीन मिनटांत उतरंल," माया म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "संध्याकाळी घरी यील. चिडंल माज्यावर. सूरजदादाच्या मागं ह्यो तरी ऱ्हाईल."

पंतांनी चष्मा काढून पुसला. गुंडाला धरून द्यायला ते लगेच तयार झाले असते. ह्या पोरीला धरावं असं त्यांना अजिबात वाटेना.

"फौजदारांना लेखी कळवावं लागेल," बाई म्हणाल्या. "नाहीतर उद्या आप्पासो आत जाईल."

"ऱ्हाऊ द्या, बाई," आप्पासो म्हणाला. "मला कळलं, बास झालं. मी जातो. एकटा गडी हाय मी."

"न्हाई," माया म्हणाली. "पंत, लिवा तुमी. माझं नाव लिवा."

पंतांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"थांबा." तक्रार दिल्यापासून हरणाबाई पहिल्यांदा बोलत होती. "आदी माझं लिवा. हिनं काय केलं ते मला आत्ता कळलं, पन मीच हिच्या पाया पडली व्हती. कसंबी कर, म्हनलं, पन ह्याला जाऊ देऊ नगंस."