स्पेसबारवरची मिसरी

हे खरं आहे.

ज्यांना खोटं वाटतं त्यांनी इथेच थांबावं. खाली कमेंटमध्ये येऊन "बॅटरी बदलून बघा" असली अक्कल पाजळू नये. पंचवीस वर्षांहून जास्त काळ मी पनवेलमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. बॅटरी मलाही कळते.

आणि यात अमावस्या नाही, पिंपळ नाही. जे झालं ते खांदा कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, भरदुपारी झालं. १९९८ सालचा ऑक्टोबर. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

ही वेळ लक्षात ठेवा. मला ती विसरता येत नाही.

चंद्रावती काकी म्हणजे माझी सख्खी चुलती. लहानपणी माझी आई शेतावर असायची तेव्हा मला भरवलं ते काकीनं. नवरा गेला, पोरांची लग्नं झाली आणि ती धाकट्या दीपेशकडे राहायला आली. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, तेवढ्यात काकीला लकवा झाला. उजवं अंग गेलं. वाचा गेली.

डावा हात तेवढा चालायचा.

सकाळी कमळाबाई यायची. आमच्याच गावची. काकीचं सगळं करायची, भरवायची, जेवणानंतर काकीच्या बोटावर मिसरी द्यायची. काकीला दातांना मिसरी लावल्याशिवाय चैन पडत नसे. आजारपणातही तिचं ते डाव्या हाताचं बोट कायम काळं असायचं.

दोन वाजता कमळाबाई घरी जायची. मग काकीजवळ फक्त दीपेश.

काकीच्या उशाशी एक स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला होता. तिची थोरली मुलगी संजनाताई जासईला दिलेली, तिनंच ही युक्ती काढली. दोनदा टकटक म्हणजे पाणी. तीनदा म्हणजे कूस बदल.

दीपेश सॉफ्टवेअरमध्ये. त्या काळी आमच्या भावकीत लॅपटॉप असलेला एकटाच. घरून काम करायला कंपनीनं दिलेला, काळा, विटेसारखा जड. इंटरनेटला लागणारा टेलिफोनचा पॉइंट काकीच्या खोलीत होता, म्हणून लॅपटॉपही तिथेच. पलंगाला टेकून ठेवलेल्या स्टुलावर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावलं.

"हऱ्या, याचा स्लीप मोड बिघडलाय. मी झोपवून जातो, हा परत जागा होतो. बॅटरी उतरते, काम उलटंपालटं होतं."

मी बघितलं. बिघाड काही नव्हता. कुठलीही की दाबली की तो बीप वाजवून जागा व्हायचा. तसाच बनवलेला होता.

स्पेसबारवर काळा डाग होता.

मी बोट लावून वास घेतला. मिसरी.

"आई करते," दीपेश म्हणाला. "मुद्दाम. मी हॉलमध्ये गेलो रे गेलो की हात लावते."

"वाटी का नाही वाजवत?"

मी उशाशी पाहिलं. वाटी नव्हती.

"डोकं उठतं रे त्या आवाजानं," तो म्हणाला. "मी काम कधी करायचं?"

मला तेव्हाच समजायला हवं होतं. वाटी वाजवली तर लेक येत नव्हता. लॅपटॉपला हात लागला की "आई, हात लावू नको!" करत धावत यायचा. बोलता न येणाऱ्या बाईनं हे बरोबर हेरलं होतं.

मी काय केलं? मी स्पिरिटनं डाग पुसला. सेटअपमध्ये गेलो. की दाबल्यावर जागं होणं बंद केलं. बीपही बंद केला. आता फक्त बाजूचं बटण दाबलं तरच तो उठणार होता आणि ते बटण भिंतीच्या बाजूला होतं. काकीचा हात पोचणार नाही अशा बाजूला.

तिच्यासमोर केलं हे सगळं. ती बघत होती.

माझं झाल्यावर तिनं डावा हात लांब केला. स्पेसबार दाबला. दोनदा.

स्क्रीन काळीच.

परत दोनदा दाबला. मग माझ्याकडे पाहिलं.

मी हसलो. हो, हसलो मी! "काकी, आता नाय उठणार तो," म्हणालो.

वरून चहाही पिऊन घरी आलो. तिला पाणी हवं होतं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

तीन दिवसांनी काकी गेली.

दीपेशनं सगळ्यांना सांगितलं, दुपारी झोपेतच गेली. आपण शेजारीच होतो, म्हणाला. काही त्रास झाला नाही तिला.

बायका म्हणाल्या, पुण्यवान हो. संजनाताई जासईहून पोचली तोवर काकीला खाली घेतलं होतं. ती आईच्या पायांवर डोकं ठेवून एकच विचारत राहिली, "मला हाक मारली का रे तिनं?"

दीपेश म्हणाला, "नाही गं. शांत होती."

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. आवाजात माज होता.

"काय रिपेअर केलंस तू? तो परत जागा होतोय. रोज दुपारी."

सुतक चालू आणि याला लॅपटॉपची पडलेली. तिडीक आली मला. तरी गेलो. दुपारचे अडीच वाजले होते.

घरात पाहुण्यांची वर्दळ होती. पण काकीच्या खोलीत कोणी नव्हतं. पलंगाजवळ, जिथं ती गेली तिथं, दिवा तेवत होता. लॅपटॉप त्याच स्टुलावर.

मी सेटिंग तपासलं. मी केलं होतं तसंच. की बंद. बीप बंद. फोन वाजल्यावर जागं होणं बंद. त्यात अलार्म नव्हता. त्याला झोपवला आणि एकेक की दाबून पाहिली.

मेलेली. एकही उठवत नव्हती.

मग माझं लक्ष स्पेसबारकडे गेलं...

काळा डाग होता. ओला. ताजा.

पाहुण्यांमुळे थांबलेली कमळाबाई भांडी घासत होती. मी तिला हाक मारली. "घरात मिसरी कोण लावतं गं?"

तिनं हात पुसले. "आता कोण लावतंय? डबी तं मीच बायच्या संगती चितेवर ठेवली. तुज्यासमोर ठेवली ना रं?"

खरं होतं. मी पाहिलं होतं.

"कमळाबाई, काकीची वाटी कुठाय?"

तिनं मान खाली घातली. "दीपेशनं फळीवर ठेवली. पार वरती, डब्यांच्या मागं. मी दोनदा काडून दिली, त्यानं दोनदा नेली. आमी कामवाल्या मान्सांनी किती बोलायचं?"

मी खोलीत परत आलो. दारात दीपेश उभा होता. आत येत नव्हता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी आल्यापासून त्यानं त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

"किती वाजता होतं?" मी विचारलं.

"तीन दहाला."

"काकी किती वाजता गेली?"

तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला.

"दीप्या, तू शेजारी होतास ना?"

"हॉलमध्ये होतो," तो म्हणाला. "जेवून जरा पडलो होतो. डोळा लागला. कशाला उकरून काढतोयस?"

एवढ्यात...

लॅपटॉपचा पंखा फिरला.

घुर्रर्र.

स्क्रीन उजळली. दीपेशनं अर्धवट टाकलेलं पत्र उघडं होतं. त्याखाली कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत कर्सर एक घर पुढे सरकला.

मग आणखी एक.

थांबला.

पुन्हा एक... पुन्हा एक.

अक्षर एकही उमटत नव्हतं. काहीच लिहिलं जात नव्हतं. फक्त कर्सर चालला होता, दोन-दोन पावलं.

भिंतीवरच्या घड्याळात तीन दहा.

मी वायर उपटली. लॅपटॉप उलटा करून बॅटरी काढली, पलंगावर फेकली. स्क्रीन गपकन काळी झाली. मी तो सुलटा करून स्टुलावर ठेवला.

संपलं असं वाटलं.

...टक टक.

वीज नाही. बॅटरी नाही. लॅपटॉप पूर्ण मेलेला. आणि स्पेसबार आपोआप खाली जात होता. वर येत होता.

...टक टक.

...टक टक.

मेलेली की कोणीतरी दाबत होतं. त्या दुपारी दाबली असेल तशीच. कोणी येईल म्हणून. मीच बंद करून ठेवलेली की.

"हे काय आहे?"

मागे संजनाताई होती. चहाचा ट्रे हातात. तिनं तो आवाज ऐकला आणि ट्रे खाली ठेवला. तिला काही सांगावं लागलं नाही. दोन टकटक म्हणजे काय, हे तिनंच आईला शिकवलं होतं.

"पाणी मागतेय ती," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वाटी कुठाय, हरेश?"

मी सगळं सांगितलं. फळी, डबे, मिसरी, सेटिंग. मी हसलो होतो तेही. लपवून काय करू?

संजनाताईनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मारलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा तांब्या आणि वाटी घेऊन आली. वाटीत पाणी ओतलं, चमच्यानं उशीवर थोडं सोडलं.

"आई, घे. पी."

...टक टक.

"आई, मी आलेय गं. संजना."

...टक टक.

उशी भिजली. आवाज थांबेना. ताईनं दाराकडे पाहिलं आणि ओरडली, अशी की हॉलमधले पाहुणे उठून उभे राहिले.

"तुला बोलावतेय ती! तुझ्या नावानं चाललंय हे! ये इकडे मेल्या, आईला पाणी दे!"

दीपेश उंबऱ्यापर्यंत आला.

एक पाऊल. एकच टाकायचं होतं त्याला.

"काहीतरी सर्किटचा प्रॉब्लेम असेल," तो म्हणाला. आणि जिना उतरून खाली गेला.

थोड्या वेळानं आवाज आपोआप बंद पडला. दुसऱ्या दिवशी दहावं. पिंडाला कावळा शिवला नाही. घाटावर आलेले गाववाले विचारत होते, म्हातारीची इच्छा काय राहिली? आम्ही तिघं गप्प बसलो होतो.

लॅपटॉप कंपनीला परत गेला. जानेवारीत दीपेश बायको-पोरासह अमेरिकेला गेला. फ्लॅट बंद करून. वर्षश्राद्धालाही आला नाही.

नव्याण्णवच्या गणपतीत एकदा दुकानात फोन वाजला. तिकडून होता.

"हऱ्या, एक विचारायचं होतं. इथे नवीन लॅपटॉप घेतलाय. त्याचा स्लीप मोड नीट चालत नाही."

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला.

"किती वाजता?"

"रात्री. दोन चाळीसला. रोज."

तिकडचं आणि इकडचं घड्याळ साडेबारा तासांनी वेगळं. मी भिंतीवर पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

आणि फोनमध्ये, त्याच्या श्वासाच्या मागे, मला ऐकू आलं...

टक टक.

...टक टक.

"दीप्या," मी म्हणालो, "उठ. पाणी घे आणि जा तिच्याजवळ. सातासमुद्रापार आलीय ती तुझ्यामागे. अरे, एकदा जा!"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. रडतोय असं मला वाटलं. वाटलं, आता तरी जाईल.

मग म्हणाला, "हऱ्या, ते सेटिंग सांग ना. मागच्या वेळी केलं होतंस ते."

मी शिवी हासडली आणि फोन आपटला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. आजही तो तिकडेच आहे, बरा आहे म्हणतात. झोप लागत नाही, डॉक्टर चालू आहेत, असं त्याची बायको ताईला सांगते. मला दया येत नाही.

पण मी कोण मोठा लागून गेलो? वाटी त्यानं उचलली, पण की तर मीच बंद केली ना. त्याबद्दल मला अजून कोणी काही विचारलेलं नाही.

संजनाताईनं ती स्टीलची वाटी मला दिली. ती माझ्या टेबलावर असते, पाण्यानं भरलेली. रोज दुपारी तीनला मी हातातलं काम सोडतो. समोर गिऱ्हाईक असलं तरी. कीबोर्ड पुढे ओढतो आणि स्पेसबारकडे बघत बसतो.

अजून तरी स्वच्छ आहे.

तीन दहा होऊन जातात, मग मी वाटीतलं पाणी बदलतो.