न झिजलेलं जस्त

मी आता सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. विजयदुर्गात कुणाचाच बसलेला नाही. एका देवमाशानं माझी नौका दोराला धरून खडकापासून दूर ओढून नेली, असं मी जेट्टीवर सांगितलं, तेव्हा बर्फ फोडणारी माणसं हातातलं काम टाकून हसत बसली. हसू देत. दिगंबर तांडेल खोटं बोलत नाही. फार तर खऱ्याला थोडं शीड लावतो, म्हणजे ते जरा लांब जातं.

पण त्या दुपारी गोष्टी सांगायची हौस कुणाला होती? मी संतापलो होतो.

साल २०६१, एप्रिल महिना. माझी नौका ‘सुरय’ खाडीच्या काठावर लाकडी टेकूंवर उभी होती. सुरय म्हणजे समुद्रात सूर मारून मासा उचलणारा तो पांढरा पक्षी. चाळीस फूट लांब, एक डोलकाठी, दोन शिडं, आणि वारा पडला तर हाताशी असावी म्हणून एक विजेची मोटर. खोल समुद्रात महिनोन्‌महिने राहू शकेल अशी. गोदीत चाळीस वर्षं जहाजांचे धातू तपासून निवृत्त झालो, तेव्हा घेतली.

शिडाची नौका बाळगणं म्हणजे काय, हे लोकांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, डेकवर पाय पसरून शहाळं प्यायचं. अरे, पाय पसरायला जागा असते का? मीठ कप्पीत शिरतं (कप्पी म्हणजे दोर ज्यावरून सरकतो ते चाक). उन्हानं शिडाचे टाके कुजतात. तळाला शिंपले चिकटले की नौका गाभण म्हशीसारखी चालते. रोज काहीतरी मोडतं आणि ते मोडायची वेळ नेहमी जेवणाची असते.

नौकेच्या सावलीत कुट्टन उभा होता, माझा यंत्रमानव. त्याच्या गळ्यात मी पुठ्ठा अडकवला होता: ‘भंगार’. चार वाजता भंगाराचा टेम्पो येणार होता.

आणि कुट्टनच्या पुढ्यात, दोन्ही हात पसरून, माझी अकरा वर्षांची नात शलाका उभी.

“त्याला न्यायचं नाही, आजोबा.”

“न्यायचं. बाजूला हो.”

“का पण?”

“का? त्यानं माझी सुरय खडकावर घातली असती! पूर्ण लाकूडफाटा झाला असता तिचा!”

“तिच्यात लाकूड नाहीच आहे.”

“तोंड चालवू नकोस!”

“मग नीट सांगा. त्यानं केलं काय? आणि तो गप्प का?”

“मी सांगितलंय म्हणून. मिनिकॉय बेटापासून त्याला बोलायची मनाई आहे. एकदा बोलायला लागला की थांबत नाही.”

कुट्टननं मान खाली घातली. त्याच्या दोन्ही खांद्यांवरचा पिवळा रंग घासून गेला होता आणि आतला पत्रा चकाकत होता. शलाका बराच वेळ त्या खांद्यांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. तिचे डोळे रागावले की तिच्या आजीसारखे दिसतात, आणि ते मला मुळीच आवडत नाही.

“इकडे ये,” मी म्हटलं. “पुरावा बघ, मग माझ्याशी भांड.”

मी तिला नौकेच्या मागच्या बाजूला, पंख्याखाली नेलं (पंखा म्हणजे मोटरीनं फिरून नौका पुढं ढकलणारी पात्यांची चकती). तीन पात्यांपैकी दोनच उरली होती. जिथून तिसरं मोडलं, तिथली कड पिवळी नव्हती. गुलाबी होती. मी हातोडीनं एका पात्यावर टिचकी मारली.

थप्प.

“आता हे ऐक.” शेडमध्ये खिळ्याला एक जुना चांगला पंखा टांगलेला होता. त्यावर मारली.

टण्ण! खाडीपलीकडचा कुत्रा भुंकला.

“पितळ असं देवळातल्या घंटेसारखं वाजायला हवं. आणि हे बिस्किटासारखं झालंय. दीड वर्षापूर्वी नवा बसवला होता पंखा! आता त्याच्या शेजारी बघ.”

पंख्याच्या दांड्यावर मनगटाएवढं एक कडं बसवलेलं होतं. त्यावर निळा रंग होता, नौकेच्या तळाला असतो तोच. अर्धा रंग मी आदल्या दिवशी खरवडून काढला होता. आतून करडा धातू दिसत होता, आणि त्यावर कारखान्याचा शिक्का: एक छोटा मासा.

“अय्या, खवलेसुद्धा आहेत,” शलाका वाकून म्हणाली. “एकोणीस.”

“तेच तर! पितळी पंखा कुजला आणि हे जस्ताचं कडं नवंकोरं राहिलं. व्हायला हवं होतं उलट! कडं झिजायला हवं होतं आणि पंखा राहायला हवा होता.”

“असं का?”

मी रागातच होतो, पण प्रश्न चांगला विचारला की माझा नाइलाज होतो. “बादली आण. खाडीचं पाणी भर. आणि तुझा तो व्होल्ट मोजायचा मीटर.”

तिनं बादली आणली. मी शेडमधून पितळेचा एक नट आणि जस्ताची पट्टी काढली. दोन्ही तारांना बांधून पाण्यात सोडली, एकमेकांना न टेकता. तारांची दुसरी टोकं तिनं मीटरला लावली. काटा हलला आणि पाऊण व्होल्टाच्या आसपास थांबला.

“विजेची बॅटरी झाली!” ती म्हणाली.

“झाली. आपण केली नाही, खाऱ्या पाण्यानं केली. प्रत्येक धातूत इलेक्ट्रॉन असतात (अणूतले ऋण विजेचे अतिसूक्ष्म कण). काही धातू ते सहज देऊन टाकतात, काही कंजूष असतात. जस्त फार उदार. पितळ त्याच्यापुढे कंजूष. पंख्याचा दांडा गंजरोधक पोलादाचा, तो पितळेहून कंजूष. दोन धातू एकमेकांना जोडले आणि खाऱ्या पाण्यात ठेवले की उदार असतो तो इलेक्ट्रॉन देत सुटतो.”

“आणि मग त्याचं काय होतं?”

“इलेक्ट्रॉन तारेतून निघून जातात आणि मागं उरलेले अणू सुटून पाण्यात जातात. म्हणजे धातू झिजतो. कंजूष मात्र शाबूत. म्हणून पंख्याशेजारी मुद्दाम जस्ताचं कडं बसवायचं. झिजायचं ते त्यानं झिजावं. गोदीत आम्ही त्याला बळीचं जस्त म्हणायचो (दुसऱ्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा). आठ दिवसांत त्याच्यावरचा शिक्का पुसट होतो, वर्षभरात ते अर्ध्यावर येतं, मग नवं घालायचं. झिजलेलं जस्त दिसलं की नौकेच्या मालकानं पेढे वाटावेत!”

“मग हे झिजलं का नाही?”

“तूच शोध. तुझ्या खिशात काय आहे?”

खिशात जांभळं नेलपॉलिश होतं. तिला लगेच कळलं. तिनं पट्टी बाहेर काढून पुसली, पाण्यात जाणारा सगळा भाग जांभळा केला, फुंकर मारमारून वाळवला आणि परत बादलीत सोडला.

काटा शून्यावर पडला.

“रंगामुळे पाणी जस्ताला लागतच नाही,” ती सावकाश म्हणाली. “तार जोडलेली आहे, पण पाण्यातली वाट बंद.”

“शाबास. त्या वाटेला परिपथ म्हणतात (वीज निघते तिथं परत येण्याची अखंड वाट). तो एका जागी तुटला तरी सगळं बंद. आणि मग?”

“मग दांडा आणि पंखा दोघंच उरले. त्यांच्यात उदार कोण? पंखा.” ती उठून पंख्यापाशी गेली. “पण गुलाबी का?”

“पितळ म्हणजे मिश्रधातू, तांबं आणि जस्त वितळवून एक केलेला. त्याच्या पोटातलं जस्त आधी निघून गेलं. मागं राहिलं तांबं, गुलाबी आणि पोकळ. आता कळलं, मी का चिडलोय? कडं होतं! जागेवर होतं! आणि ह्या पत्र्याच्या डोक्यानं,” मी कुट्टनकडे हातोडी रोखली, “त्याला रंग फासला!”

शलाकानं हातोडी खाली ढकलली.

“कधी फासला?”

“ऐक सगळं. दीड वर्षापूर्वी, सप्टेंबरात, ह्याच जागी मी कडं स्वतःच्या हातानं बसवलं. तळ रंगवला. आमच्या घराण्यात रंगाशिवाय काही पाण्यात उतरत नाही, सांगून ठेवतो. माझ्या वडिलांची लाकडी होडी होती. बोटभर जागा कोरी राहिली की तिथून पाण्यातला किडा लाकडात शिरतो आणि फळीची चाळण करतो. कोरी जागा दिसली की वडील कानफटात मारायचे. आजही माझा हात कोरी जागा सोडत नाही, झोपेतसुद्धा! तर, संध्याकाळच्या भरतीला सुरय पाण्यात सोडली. दहाव्या दिवशी कोचीला पोचलो. तिथं ह्याला घेतलं. बंदरात पाण्याखाली काम करायला बनवलेला, पोहणारा, कुट्टन हे नावही तिथलंच. मी बाजारात भाजी आणायला गेलो आणि तेवढ्यात हा माझ्या उरलेल्या डब्यातला निळा रंग घेऊन खाली उतरला असणार!”

“पाण्याखाली रंग लागतो?”

“तसला रंग मिळतो हल्ली. मध्ये बोलू नकोस. पुढं मालदीव, पुढं सेशेल्स. दर महिन्याला हा खाली डोकावून यायचा आणि मला सांगायचा, ‘कडं जसंच्या तसं आहे.’ मी म्हणायचो, वा! काय जस्त आहे!”

“पण आजोबा, जस्त जसंच्या तसं असेल तर घाबरायला पाहिजे ना? तुम्हीच आत्ता म्हणालात.”

मला घाम आला. एप्रिलमध्ये येतोच.

“तेव्हा मी शिडांच्या गडबडीत होतो,” मी ओरडलो. “परत येताना मिनिकॉयपाशी वारा पडला. समुद्र तेलासारखा सपाट. प्रवाह आम्हाला प्रवाळाच्या खडकाकडे नेतोय, लाटा फुटल्याचा आवाज येतोय, खाली इतकं खोल की नांगर पोचत नाही. मी मोटर सुरू केली. खट्ट! पातं गेलं. अर्धा मैल उरला. आणि मग, विश्वास ठेव नको ठेवूस, शेजारी एक देवमासा झोपलेला! मी त्याला हाक मारली.”

“कुठल्या भाषेत?”

“मालवणीत. समजली त्याला. मी त्याच्या पाठीवर उडी मारली, दोर टाकला आणि त्यानं सहा तास सुरय ओढली. मध्ये एकदा थांबून त्यानं आमच्याकडचं सोलकढीचं पातेलं रिकामं केलं. संध्याकाळी वारा उठला, आम्ही शिडं उभारली, त्यानं शेपटी हलवून निरोप दिला. पण पातं मोडलं कुणामुळे? ह्याच्यामुळे! म्हणून हा भंगारात!”

रस्त्यावर टेम्पोचा भोंगा वाजला. चार वाजले होते.

शलाका जागची हलली नाही. तिनं कुट्टनच्या खांद्यावर हात फिरवला, घासलेल्या पट्ट्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ती पंख्याखाली वाकली आणि माशाचे खवले परत एकदा मोजले. बोट लावून, एकेक.

“देवमाशाचं मी तुम्हाला सोडून दिलं असतं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला नको होतं. “सोलकढीचंही. पण दोराचा वळ देवमाशाच्या अंगावर राहिला पाहिजे होता. तो कुट्टनच्या खांद्यांवर कसा आला?”

“अगं, तो—”

“थांबा. आठ दिवसांत शिक्का पुसट होतो, असं कोण म्हणालं? तुम्ही. कोचीला पोचायला दहा दिवस लागले, असं कोण म्हणालं? तुम्ही. दहा दिवस कोरं जस्त खाऱ्या पाण्यात होतं, तर एकोणीसच्या एकोणीस खवले उरले कसे?”

मी हातातली हातोडी पुसायला लागलो.

“ते कडं कोरं असताना एक दिवससुद्धा पाण्यात नव्हतं. रंग आधी लागला, पाणी नंतर. इथं, ह्या टेकूंवर. तेव्हा कुट्टन कोचीत होता, तुम्हाला भेटलासुद्धा नव्हता. इथं हातात ब्रश कुणाच्या होता, आजोबा? कोरी जागा कुणाला बघवत नाही?”

भोंगा परत वाजला. तिनं कुट्टनच्या गळ्यातला पुठ्ठा काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि माझ्या हातात दिले.

“खोटं बोललात तुम्ही. सुरय कुट्टननं ओढली आणि रंग तुम्हीच लावला. चाळीस वर्षं जहाजांचे धातू तपासलेत आणि स्वतःच लावलात, म्हणून इतके चिडलायत, पण चिडताय त्याच्यावर. टेम्पोवाल्याला परत पाठवा आणि ह्याला बोलू द्या. पुढच्या वेळी आपण सेशेल्सला जाऊ तेव्हा नवं कडं मी बसवणार, कुट्टन दर महिन्याला ते किती झिजलं ते मोजणार आणि रंगाच्या डब्याला तुम्ही हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या बदली झिजायचं काम जस्ताचं आहे, आजोबा. कुट्टनचं नाही.”